अमिनाभाभीची छत्री

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्ष नसतो, असं कागदोपत्री म्हणतात. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी एकदा रिहे खोऱ्यात यावं आणि माझ्या घरी चहा घ्यावा. पक्ष नसतो, तर मी इतकी वर्षं कुणासाठी चपला झिजवतोय? आमच्या वॉर्डाचा बूथप्रमुख मी. लोक देवळात गेले की मूर्ती बघतात, मी दर्शनाची रांग बघतो. आपले कोण, त्यांचे कोण, कुंपणावरचे कोण. बायको म्हणते, तुम्ही माणसं बघायचंच विसरलाय. तिचं खरं असेल, पण निवडणूक संपेपर्यंत मी ते मान्य करत नाही.

गेल्या डिसेंबरात आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली. निवडून आलेल्या बाई नवऱ्याच्या नोकरीपायी गाव सोडून गेल्या आणि महिलांसाठी राखीव असलेली त्यांची जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक म्हणजे बूथप्रमुखाच्या जिवाला घोर. निम्मी पोरं पिरंगुटच्या कंपन्यांत शिफ्टला, काही जण नांद्याकडं खोल्या घेऊन राहिलेले, आणि जे गावात आहेत ते म्हणणार, एका जागेसाठी कशाला तंगडतोड? अशा निवडणुकीत जो माणसं घराबाहेर काढतो तो जिंकतो. आणि माणसं घराबाहेर काढण्यात माझा हात धरणारं खोऱ्यात कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

उमेदवार म्हणून नाव निघालं अमिनाभाभीचं. नसीरभाई टेलरची ही बायको. शाळेसमोरच्या गाळ्यात दोघांचं दुकान आहे. शर्ट-पँट नसीरभाईकडं आणि बायकांचं सगळं भाभीकडं. आमच्या गावात लग्न ठरलं की आधी भटजी की आधी भाभी, असा प्रश्न पडतो. कुणाच्या घरी भांडण झालं की ती बाई ब्लाऊज उसवायचं निमित्त काढून दुकानात येऊन बसते, आणि भाभी खरंच थोडं उसवून पुन्हा शिवून देते. अशी बाई उभी राहिली तर निवडणूक खिशात, असा माझा हिशेब होता.

बैठक तिच्याच घरी झाली. ती चहा घेऊन बाहेर येत होती आणि नेमकं तेव्हाच आमच्यातलं एक शहाणं बोलून गेलं, "बाई लई चांगली हाय, पण मतं पडतील का तिला?"

का पडणार नाहीत, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं होतं, भाभीला तर सगळ्यांच्या आधी. तिनं चहा दिला, साखर बरोबर आहे का विचारलं. मला त्या माणसाची भयंकर चीड आली. त्याहून जास्त चीड याची आली की मी तिथंच त्याला काही बोललो नाही, कारण त्याच्या घरात पाच मतं होती.

सगळे गेल्यावर भाभी मला म्हणाली, "शैलेशभाऊ, मी उभी ऱ्हाते. हरले तरी मला काय न्हाई. पन माज्या बायांनी मला मत दिलं का न्हाई, तेवढं मला कळलं पायजे."

"मत गुप्त असतं, भाभी. कुणी कुणाला दिलं ते कळत न्हाई."

"लगीन होऊन आले तवापास्नं हितल्या बायांची मापं घेतीया मी. एकीचं बी वहीत लिवायला लागत न्हाई." ती कप गोळा करत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "त्या मला आपली म्हणत्यात का न्हाई, तेवढं एक मला ठावं न्हाई."

मी म्हणालो, "निवडून आणतो तुमाला, मग कळंलच की."

पौडला चिन्हं वाटली त्या दिवशी माझी मस्तकाची शीर उठली. आम्ही पहिलं चिन्ह मागितलं होतं शिवणयंत्र. टेलरच्या बायकोला दुसरं काय मागणार? पण भिवाजीअण्णांच्या पॅनेलचा अर्ज आमच्या आधी पडला होता, आणि त्यांनीही तेच मागितलं होतं. भिवाजीअण्णा म्हणजे गावातले मोठे जमीनवाले. रस्त्याकडेची जमीन विकून उरलेल्या जागेत त्यांनी कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्यांच्या रांगा बांधल्या आहेत. नसीरभाईचा गाळासुद्धा त्यांचाच. त्यांची उमेदवार होती त्यांची धाकटी सून, सृष्टी. तर शिवणयंत्र गेलं सृष्टीला, आणि आमच्या वाट्याला आली छत्री. भर डिसेंबरात, भात झोडून झाल्यावर, छत्री!

"ही अण्णांची चाल हाय," मी दुकानात येऊन ओरडलो.

भाभीनं सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. "सृष्टी माज्याकडंच शिवण शिकली. ती असलं करायची न्हाई."

"ती न्हाई करायची, तिचा सासरा करंल."

नसीरभाई तसा कमीच बोलतो. गळ्यात टेप घालून दिवसभर पायडल मारतो आणि गिऱ्हाइकाला 'हूं' आणि 'परवा या' एवढंच म्हणतो. पण आता त्या बिचाऱ्यावर भलतंच संकट आलं. रस्त्यानं जाणारा येणारा हात वर करून म्हणायला लागला, "नसीरभाई, तुमचं मशीन आलं की! मत मशीनलाच!" माणसं प्रेमानं म्हणत होती, आणि जितकं प्रेमानं म्हणत होती तितका माझा रक्तदाब वाढत होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

मी नसीरभाईला बाहेर काढलं. म्हटलं, आता दारोदार फिरायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तो आला. प्रत्येक उंबऱ्यावर उभा राहून खाली बघत एकच वाक्य म्हणायचा, "मशीन माजं न्हाई. आमची छत्री हाय." आयुष्यभर ज्या मशीनवर पोट भरलं ते माझं नाही, असं त्या माणसाला घरोघर सांगावं लागत होतं. एके ठिकाणी सांगून झाल्यावर तो मला हळूच म्हणाला, "शैलेश, त्वांडातनं शब्द निघंना रं." मला वाईट वाटलं. पण मी त्याला पुढच्या घरी नेलंच.

वरच्या वाडीवर आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. वाडी डोंगराच्या अंगाला आहे, रस्त्याला दिवे नाहीत, आणि मतदानाला उतरायचं म्हणजे म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची परीक्षा. तिथली तरणी माणसं कामाला बाहेर असतात, घरी असतात त्या बाया. त्या बायांचा कारभार गोजराबाईंकडं. वय विचारलं तर शिवी देतात. वाडीत कुणाच्या म्हशीनं रेडकू टाकलं तरी आधी त्यांना सांगायचं. त्यांचा उजवा खांदा आखडला तेव्हा त्यांना चोळीत हात घालता येईना. पिरंगुटच्या एका टेलरनं सरळ सांगितलं, आजी, आता मॅक्सी घाला. भाभीनं मात्र चोळीची बाही मोकळी करून, बंद अलीकडं आणून, एका हातानं बांधता येईल अशी चोळी शिवून दिली. तेव्हापासून गोजराबाईंपुढं अमिनाचं नाव काढलं की त्या आधी चोळी दाखवतात आणि मग बोलतात.

बाया अंगणात गोळा झाल्या. नसीरभाईनं खाली बघत आपलं वाक्य म्हटलं, "मशीन माजं न्हाई. मशीनला मत देऊ नगा. आमची छत्री हाय."

गोजराबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "नसीर, गाळा भिवाजीचाच हाय न्हवं तुजा?"

"व्हय."

"आन् घराकडची वाट बी त्याच्याच रानातनं जाती."

"व्हय की. का वं?"

"काय न्हाई, बाबा. सज इचारलं." त्यांनी शेजारणीकडं बघितलं, शेजारणीनं तिच्या शेजारणीकडं. मला वाटलं, पानाची चंची कुणाकडं आहे ते बघतायत.

मी पिशवीतून मतपत्रिकेचा नमुना काढला. दोन खाने होते, दुसऱ्यात छत्री. बहुतेकींना नावं वाचता येत नव्हती, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं. गोजराबाईंनी विचारलं, "मग मशीन कितव्या नंबराला?"

"पहिल्या. पहिल्या बटणाला अजिबात हात लावायचा न्हाई."

"पयल्या नंबराला मशीन," गोजराबाई म्हणाल्या. "म्हणा गं."

सगळ्या बायांनी एका सुरात म्हटलं, पहिल्या नंबराला मशीन. मी खूश. असं पाठांतर शाळेतसुद्धा होत नाही. उतरताना मी नसीरभाईच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "वाडी आपली."

मतदानाच्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. दहापर्यंत शाळेच्या फाटकात कुत्रं फिरकेना. आमच्या टेबलावर आम्ही आणि समोरच्या टेबलावर भिवाजीअण्णांची माणसं, दोघंही हात चोळत एकमेकांना तंबाखू देत बसलो होतो. नसीरभाईचं दुकान शाळेच्या समोरच, आणि त्याचं मशीन काचेतून सरळ दिसायचं. मतदान केंद्राजवळ प्रचाराचं चिन्ह दिसता कामा नये, हा नियम. आता ते चिन्ह समोरच्या पार्टीचं आणि मशीन आमच्या उमेदवाराच्या घरचं. मी धावत गेलो आणि म्हणालो, "नसीरभाई, झाक ते." त्यानं आतून चादर आणली आणि आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी मशीनवर घातली. मग दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. मशीन बंद ठेवून काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

मग मी गाडी वर पाठवली. गाडी पक्षाची नव्हती, माझ्या मेव्हण्याची होती. कायदा कायद्याच्या जागी. पहिली खेप आली आणि माझे डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. पुढच्या सीटवर गोजराबाई, नवं लुगडं, अंगात भाभीनं शिवलेली चोळी, आणि मागं बाया दाटीवाटीनं. दुसरी खेप, तिसरी खेप. जी बाई पंचमीला गावात उतरत नाही तीसुद्धा आली. एकीला दोघींनी धरून आणलं. वरच्या वाडीत त्या दिवशी कोंबड्या सोडून कुणी उरलं नसेल.

गोजराबाई दुकानासमोर थांबल्या. चादर घातलेल्या मशीनकडं बघितलं, पायरीवर बसलेल्या नसीरभाईकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी विचारलं, "मावशी, बरं वाटत न्हाई का?"

"झाकाय लावलं व्हय रं त्यांनी?"

"नियम हाय, मावशी."

"हां. नियम." त्यांनी पदर खोचला. "शैल्या, तू काळजी करू नगंस. वाडी एकीनं हाय."

बोटाला शाई लावून त्या बाहेर आल्या तेव्हा भाभी फाटकाबाहेर उभी होती. गोजराबाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मान वळवून सरळ गाडीत जाऊन बसल्या, आणि त्यांच्या मागून वाडीच्या सगळ्या बाया तशाच, जणू भाभीशी ओळख नाही. भाभीचा चेहरा उतरला. ती मला म्हणाली, "बघितलं का, भाऊ? एक बी बोलली न्हाई."

"फाटकात बोलायचं नसतं म्हणून," मी म्हणालो. पण मलाही ते जरा खटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पौडला मोजणी झाली. एकच जागा, एकच यंत्र, चहा गार व्हायच्या आत निकाल. शिवणयंत्र जिंकलं. दहा-बारा मतांनी आमची छत्री पडली. भिवाजीअण्णांच्या पोरांनी गुलाल उधळला, त्यातला थोडा माझ्याही डोक्यावर पडला. मी तोंड पाडून गावात परतलो. डोक्यात एकच किडा. वाडीची एवढी मतं पडली, गावातली आमची मतं ठरलेली होती, मग गेली कुठं? त्या बैठकीतल्या शहाण्याचं वाक्य मला आठवत होतं, आणि तेच वाक्य भाभीलाही आठवत असणार, हे मला माहीत होतं.

दुकान उघडं होतं. नसीरभाईनं मशीनवरची चादर काढली होती, पण पायडलवर पाय ठेवून तो नुसता बसला होता. भाभी काजं करत होती. मी पायरीवर बसलो. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "जाऊ द्या, भाऊ. तुमी लई पळालात. आपल्याला कळायचं ते कळलं."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती काजं करत राहिली.

तेवढ्यात रस्त्यावर बायांचा आवाज आला. बघतो तर गोजराबाई, मागं वाडी. या वेळी गाडी नव्हती, सगळ्या चालत उतरल्या होत्या. गोजराबाईंच्या हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ आणि चोळीचा खण. पायरी चढता चढताच त्या ओरडल्या, "अमिने! आलं गं बाई मशीन निवडून! पोरानं फोन करून सांगितलं, मशीन आलं म्हणून. तशी उठले बग!"

नसीरभाईनं माझ्याकडं बघितलं. मी गोजराबाईंकडं.

"मावशी," मी म्हणालो, "तुमी मत कुणाला दिलं?"

"कुणाला म्हंजी? हिला! मशीनला! पयल्या नंबराला!" त्यांनी सूप खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून नसीरभाईसमोर उभ्या राहिल्या. "आन् तू रं! एवढा भ्यायला लागलास व्हय भिवाजीला? गाळा त्याचा म्हणून काय झालं? आपल्या त्वांडानं सांगत फिरत व्हता, मशीन माजं न्हाई. माजं काळीज तुटलं बग. म्हणलं, गरिबाला दम दिल्याला दिसतोय. काल तर मशीन बी झाकाय लावलं मेल्यांनी! आमी काय दुधखुळ्या हाय का? तू ग्येल्यावर वाडीतल्या समद्यांना मारुतीच्या पारावर बसवलं. म्हणलं, कुणाला बोलायचं न्हाई, अमिनाला सुदिक बगायचं न्हाई, न्हाईतर भिवाजीला वास लागंल. गप जायाचं आन् मशीनला दाबायचं."

माझ्या डोक्यात कालची गाडीची प्रत्येक खेप उभी राहिली. मी स्वतः, माझ्या मेव्हण्याच्या गाडीत, माझ्या खर्चाच्या डिझेलवर, एकेक बाई धरून आणली होती सृष्टीला निवडून द्यायला. आणि पाठांतर? तेही मीच करून घेतलं होतं. करायला गेलो गणपती आणि झालं माकड. मी उठलो. माझ्या तोंडात आलं होतं की, मावशी, तुमच्या शहाणपणापायी ही बाई पडली.

भाभीनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्यावर कधी डोळे वटारले नव्हते. मी परत खाली बसलो.

तिनं पदर पुढं केला. गोजराबाईंनी डाव्या हातानं आखडलेला उजवा हात सावरत ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. "आमच्या खाचरातला इंद्रायणी हाय," त्या म्हणाल्या. "नवा. तुज्यासाठनं काढून ठेवला व्हता."

आणि नेमकी तेव्हाच सृष्टी आली. कपाळापासून कानापर्यंत गुलाल, गळ्यात हार, मिरवणूक कुठंतरी मागं सोडून एकटीच. तिला भाभीच्या पाया पडायचं असणार. दारात तिला ओटी दिसली आणि ती तिथंच थांबली.

गोजराबाईंनी तिला बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ये पोरी, ये. वाईट वाटून घिऊ नगंस. तुजं अजून वय हाय, फुडच्या टायमाला येशील निवडून." त्यांनी सृष्टीच्या गालावरचा गुलाल अंगठ्यानं पुसला. "हरलीस तरी गुलाल खेळाय आलीस. लई मोठं मन हाय बग तुजं."

सृष्टीनं भाभीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. हुशार पोरगी, तिला समजायला वेळ लागला नाही. तिचे डोळे भरून आले. ती वाकून भाभीच्या पाया पडली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकी, मला दुसरं काय येत नव्हतं. तुमीच मशीन शिकवलं होतं, म्हणून तेच मागितलं. माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

"मला ठावं हाय," भाभी म्हणाली. तिचे दोन्ही हात पदरात अडकलेले, म्हणून तिनं सृष्टीच्या डोक्याला आपली हनुवटी टेकवली. "वाडीच्या रस्त्याला दिवे बसवायचे हायेत. ध्यानात ठेव म्हंजी झालं."

"बसवते, काकी. पहिलं तेच."

"बगा, लागली कामाला!" गोजराबाई बायांना म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. नसीरभाई तोंड फिरवून पायडल मारायला लागला. मशीनमध्ये कापड नव्हतं, नुसतीच सुई खालीवर होत होती.

बाया चहा पिऊन, सृष्टीला पुन्हा एकदा धीर देऊन निघून गेल्या. आज ना उद्या वाडीवर कुणीतरी शहाणं त्यांना खरं सांगणारच होतं, पण ते सांगणारा मी नव्हतो. बूथप्रमुखाच्या आयुष्यात मी एवढी मतं वाया घालवली नव्हती, आणि तरी मला राग येत नव्हता. मी आशेनं राग शोधला. सापडला नाही.

"शैलेशभाऊ," भाभी म्हणाली. ती अजून तशीच उभी होती, ओटी भरल्यापासून तिनं पदर सोडलाच नव्हता. "तुमी म्हणला व्हता, मत गुप्त आसतं. कुणी कुणाला दिलं ते कळत न्हाई."

"व्हय, म्हणलो व्हतो."

"मला कळलं," ती म्हणाली. आणि मग मात्र ती रडली, हसत हसत रडली, आणि एकही तांदूळ खाली सांडू नये म्हणून पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत स्वयंपाकघरात गेली.